मुठीतला नवस

बालाजीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. देऊळगाव राजाच्या बालाजीला हात जोडल्याशिवाय आमच्या घरात काही नवं सुरू होत नाही, आणि मीही त्याच वळणात वाढले. पण माझं पहिलं लेकरू जन्मलं आणि रडलंच नाही. मी टेबलावर पडून कानात प्राण आणून वाट पाहत होते. खोलीत भांड्यांचा आवाज झाला, चपलांचा झाला, कुणीतरी दार लावलं त्याचाही झाला. तेवढा एक आवाज आला नाही. त्यानंतर मी देवापुढे दिवा लावायचे, पण बोलणं बंद. तुझं तू, माझं मी.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मात्र गुमान त्याच्याकडेच गेले. श्रद्धेनं नाही हो, भीतीनं. पिवळ्या फडक्यात रुपया बांधला आणि देवाला चक्क दम दिला, की लेकरू रडत जन्माला आलं तर त्याच्या वजनाइतका गूळ तुला वाहीन, आणि नाही आलं तर या घरात तुझा फोटो राहणार नाही. मी ब्लाउज शिवते, गाठ मारायची हाताला सवयच. ही गाठ अशी मारली की कात्रीशिवाय सुटू नये. पुढे ते फडकं सतत माझ्या कमरेला खोचलेलं असायचं.

कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळचा स्वयंपाक व्हायचा होता. ह्यांनी शेजारचा ऑटो आणला. सोबत सासूबाई येणार होत्या, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, मी समदं मोकळं करून मांगून येतोच." आमच्याकडे बाई बाळंत व्हायला निघाली की घरातली कुलपं उघडतात, कणग्यांची झाकणं काढतात, गाठी सोडतात. घर मोकळं तर बाई मोकळी होते, अशी समजूत. पहिल्या वेळी हे करायचं राहून गेलं, ही सल आत्याबाईंच्या मनात होती. म्हणून या खेपेला त्यांनी काही म्हणता काही बांधलेलं ठेवलं नाही. ट्रंक उघडली, पोत्यांची तोंडं सोडली, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरीसुद्धा सोडली. आणि त्याच नादात म्हशीचं दावंही सोडलं.

दवाखान्यात सिस्टरनं मला तपासलं आणि विचारलं, "ताई, सोबत बाई कोण आहे? एक जण आत राहू द्या, तुम्हाला आधार होईल." ह्यांनी घरी फोन लावला. आत्याबाईंचा धापा टाकणारा आवाज मलाही ऐकू आला. "अरे बापा, म्हैस पयाली! मीच सोडली रे तिले! लोकाच्या तुरीत शिरून राह्यली, कशी येऊ मी?" एरवी मी पोट धरून हसले असते. त्या वेळी पोट धरलेलंच होतं, आणि डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. आई तिकडे माहेरी अंथरुणाला खिळलेली. ह्यांना आत यायची परवानगी नाही. पुन्हा एकटीच, पुन्हा तेच टेबल, असं मनात आलं आणि मी कमरेचं फडकं उपसून मुठीत धरलं.

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. डोक्यावर ओढणी, दोन्ही हात काचेच्या बांगड्यांनी भरलेले. तिच्या भाचीला आदल्या दिवशी मुलगा झाला होता आणि ती मंडळी घरी निघाली होती. तिनं हातातला डबा भाचीकडे दिला आणि म्हणाली, "तुम्ही चला. मी थांबतो हिच्यापाशी."

सिस्टरनं विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?"

"खाला समजा, मावशी. पण तिले पुसा, चालते का?"

मी मान हलवली. नाव विचारायचंही भान नव्हतं.

खालानं आत काय केलं, असं कुणी विचारलं तर सांगायला फारसं काही नाही. तपासणं, बाळाचे ठोके ऐकणं हे सगळं सिस्टर करत होती, आणि मन लावून करत होती. खाला माझी होती, बस्स. तिनं पाणी पाजलं, कंबर चोळली, धरून चालवलं, तोंड पुसलं. मी ओरडले तर "ओरड बेटा, कोण अडवते?" म्हणाली. कळ ओसरली की बोलायची. ती बांगड्या भरायची. बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच तिचं दुकान होतं.

पण माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली. तीत ते पिवळं फडकं. कळ आली की मूठ आवळायची, मुठीबरोबर दात, मान, सगळं अंग. सिस्टर परोपरीनं सांगत होती, "ताई, अंग आखडू नका." सांगणं सोपं असतं.

खालानं मूठ दोन्ही हातांत घेतली, पण उघडली नाही. "काय हाय यात?" मी तुटक तुटक सगळं सांगितलं. न रडलेलं लेकरू, नवस, देवाला दिलेला दम. ती हसली नाही. म्हणाली, "चुडी भरतांनी नवी नवरी असाच हात आवळते. भेते ना. आवळला का चुडी फुटते अन् तिलेच लागते. ढिला सोडला का आपोआप जाते." मग म्हणाली, "तुहा देव इतकुश्या मुठीत मावते का? ठेव त्याले खाली. हात माह्याकडं दे."

"आणि सोडलं अन् हेही लेकरू गेलं तर?"

"ते मले नाही ठाऊक, बेटा. मी अठीच हाय, एवढं ठाऊक हाय."

मला आजवर सगळ्यांनी सांगितलं होतं की काही होणार नाही. एकीनं खरं सांगितलं. का कोण जाणे, मला त्याचाच धीर आला. मी मनात म्हटलं, बालाजी, माझी शर्त मी मागे घेते. दमही मागे घेते. हे तुझं आहे, तू बघ. बोटं एकेक करून उघडली. फडकं कुठेतरी खाली पडलं आणि त्या जागी खालाचा हात आला. पुढच्या कळेला अंग आवळलं नाही. दुखलं तर मरणाचं, पण वाट अडली नाही.

लेकरू आलं. खोली गप्प झाली. मला ती शांतता ओळखीची होती. सिस्टर बाळाची पाठ चोळत होती, मी खालाकडे पाहत होते, आणि तिचे ओठ हलत होते. ती तिच्या देवाला हाक मारत होती, मी माझ्या. आणि मग पोरीनं असा टाहो फोडला की तो बाहेर ह्यांनाही ऐकू गेला.

आत्याबाई आल्या तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. "समदं मोकळं केलं म्हणूनच सुटली माही सून!" असं त्या आजही सांगतात. मी वाद घालत नाही. म्हैस सुटली नसती तर खाला आत आली नसती, एवढं मला कळतं. बाकी बालाजी जाणे.

सव्वा महिन्यानंतर पोरीला घेऊन दर्शनाला गेलो. रस्त्यात खालाचं दुकान सापडलं. तिनं आधी पोरीच्या कानशिलावरून हात फिरवून बोटं मोडली, मग ओढणीच्या टोकाची गाठ सोडून पिवळं फडकं माझ्यापुढे धरलं. "घे, तुह्या देवाची अमानत. कोणी झाडून टाकलं असतं, म्हणून उचललं." त्याची गाठ तशीच होती. मग हिरव्या बांगड्या भरायला तिनं माझा हात धरला, दाबून पाहिला आणि म्हणाली, "आता तुले सांगा लागत नाही."

देवळात मी ते फडकं बालाजीपुढे ठेवलं. गूळही वाहिला, शर्तीचा नव्हे, आनंदाचा. हात जोडले आणि मागायला काही आठवेना. भांडायलाही नाही. तेवढ्यात पोरीनं गाभाऱ्यासमोर भोकाड पसरलं. रांगेतली एक बाई कावली, "अवं, चूप कर ना तिले, आरती चालू हाय!"

मी पोरीला छातीशी धरलं, पण चूप केलं नाही. म्हटलं, "रडू द्या हो, मावशी. त्याला ऐकू द्या."