गुरुवारची मोकळी जागा

"मॅडम, तुमी जागा मोकळी हाय म्हणून लिहिलंय. मग आमी कोन?"

विचारणारा माणूस आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनपाशी उभा होता. वय पंचावन्नच्या आसपास, पांढरा शर्ट, बोटात टेम्पोच्या किल्लीची रिंग. हातात आमच्याच प्रोजेक्टच्या नोटिशीची झेरॉक्स, चार घड्या घातलेली. नाव लिंबाजी जाधव. मूळचे लातूरकडचे, आता भोसरीत राहतात आणि स्वतःचा छोटा टेम्पो चालवतात.

मी ट्रॅफिक प्लॅनर आहे. एखाद्या भागात किती गाड्या येतात, किती थांबतात, कुठे थांबतात हे मोजायचं आणि त्यावरून पार्किंग आखायचं, हे माझं काम. त्या वेळी भोसरीत एमआयडीसीच्या कडेला एक सरकारी प्लॉट आमच्याकडे आला होता. एका बाजूला वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला सोसायट्या आणि भाड्याच्या खोल्या. वर्षानुवर्षं पडून असलेली जागा. तिथे पीपीपीतून शेअर्ड पार्किंग करायचं होतं.

पीपीपी म्हणजे जमीन सरकारची, खर्च आणि देखभाल खासगी ऑपरेटरची. तो ठरलेली वर्षं पार्किंग चालवतो आणि मग जागा परत देतो. शेअर्ड म्हणजे एकच जागा, पण वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या लोकांची. आमच्या रिपोर्टप्रमाणे रात्री तिथे सोसायट्यांच्या कार उभ्या राहणार होत्या. दिवसा जागा रिकामीच असते, म्हणून दिवसभर चाकणकडे जाणाऱ्या ट्रकना थांबा.

लिंबाजी म्हणाले, "बारा वर्षं झाली, तिथंच उभं राहायलोत. अठरा टेम्पो हायेत आमचे. ट्रक आले तर आमी जावं कुठं?"

"तुम्ही वर्कशॉपच्या दारात उभे राहू शकता ना?"

"दारात उभं राहू देत न्हाईत, बगा. मालक बाहेर येतो, लिंबाच्या झाडाकडं बघतो, हात करतो. ज्याचा नंबर त्याची गाडी जाती. झाड सुटलं की गिऱ्हाईक सुटलं."

आता खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. आमच्या धंद्यात नोटीस लागली की दावेदार उगवतात. काल टाकलेली टपरी वीस वर्षांची होते. मी दिवसभराचा सर्व्हे केला होता. माझ्या चार जणांनी सकाळी सात ते रात्री नऊ, दर अर्ध्या तासाला प्लॉटवरच्या गाड्या मोजल्या होत्या, नंबरप्लेटसकट. दिवसा जेमतेम दोन कार आणि एक बंद पडलेली रिक्षा. रिपोर्टमध्ये 'सध्याचा वापर' या रकान्यात मी स्वतः 'नाही' असं टाइप केलं होतं.

"शुक्रवारी प्री-बिड मीटिंग आहे," मी म्हटलं. "लेखी अर्ज द्या." प्री-बिड म्हणजे बोली लावायच्या आधी शंका विचारायची बैठक.

लिंबाजींनी झेरॉक्स पुन्हा चार घड्या करून खिशात ठेवली. "अर्ज देतो. पर तुमी एकदा या की बघायला," एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग असता तर मी विसरून गेले असते. राग नव्हता, म्हणून ते डोक्यात राहिलं.

संध्याकाळी पिंपळे गुरवला घरी आले. बाबा माझ्याकडेच असतात. पस्तीस वर्षं भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मेंटेनन्स फिटर होते. कुठल्याही यंत्राच्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगणारे. मी डायनिंग टेबलावर रिपोर्ट उघडून बसले होते. बाबा चहाचा कप घेऊन शेजारी आले आणि साइटच्या फोटोंकडे पाहायला लागले.

"इथे गाड्या लागतात," ते म्हणाले.

"नाही लागत, बाबा. मोजल्यात आम्ही."

"अगं, हे डाग बघ." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "ऑइलचे. एका ओळीत, सारख्या अंतरावर. एखादी गाडी कधीतरी थांबली तर एखादा डाग पडेल. इतका काळा डाग रोज त्याच जागी उभं राहिल्याशिवाय पडत नाही. आणि या झाडाला हे खिळे कसले?"

फोटोत कडुनिंबाचं झाड होतं. खोडावर दोन ओळींत खिळे ठोकलेले. त्या फोटोखाली मी लिहिलं होतं, 'जुने झाड, जतन करणे.' खिळ्यांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

"फोटो कधीचा?"

"सर्व्हेच्या दिवशीचा. गुरुवार."

बाबांनी कप खाली ठेवला. "गुरुवारी? भोसरीत? गुरुवारी तिथे धड चहा मिळत नाही. तुला माहीत नाही होय?"

मला माहीत होतं. कुणापेक्षाही जास्त माहीत होतं. एकेकाळी विजेचा भार सगळीकडे एकाच दिवशी कमी-जास्त होऊ नये म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वार वाटून दिले होते. आमच्याकडे गुरुवार आला. पुढे विजेची परिस्थिती बदलली, पण अनेक वर्कशॉपचा वार तोच राहिला. आमचं सगळं लहानपण त्या वारावर गेलं. रविवारी बाबा कामावर आणि आम्ही घरी. गुरुवारी बाबा घरी आणि आम्ही शाळेत. शाळेतून धावत यायचो, कारण गुरुवारी घरात बाबा असायचे आणि भजी असायची.

आणि मी सर्व्हेला गुरुवार निवडला. का? कारण आमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की सोमवार आणि शुक्रवार टाळा, आठवड्याच्या मधला कामाचा दिवस घ्या. मंगळ, बुध, गुरु. टीम गुरुवारी मोकळी होती. सरकारी साहेबांबरोबरची साइट व्हिजिट वेगळ्या दिवशी झाली होती, पण सकाळी आठला. टेम्पो येतात नऊनंतर. रविवारी संध्याकाळी रहिवाशांच्या कार मोजताना दोन-तीन टेम्पो दिसले होते, ते आम्ही रहिवाशांच्या गाड्यांत टाकले. जिथे जिथे चुकता येईल तिथे तिथे चुकलो होतो.

मला बाबांसमोर फार लाज वाटली. त्यांनी रिपोर्ट मिटून माझ्यापुढे सरकवला. "बुधवारी जाऊन ये," म्हणाले.

बुधवारी सकाळी साडेनऊला मी एकटीच गेले. झाडाखाली टेम्पोंची ओळ लागलेली. खोडावरच्या प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा गोल बिल्ला, त्यावर रंगाने आकडा. ज्याचा बिल्ला पहिल्या खिळ्यावर, त्याचं भाडं. भाडं घेऊन निघाला की तो आपला बिल्ला काढून नेतो आणि परत आल्यावर शेवटच्या खिळ्यावर लावतो. मधल्यांनी एकेक खिळा पुढे सरकायचं. कुणाचं भांडण नाही, कुणाचा मुकादम नाही. बुधवारी संध्याकाळी सगळे बिल्ले लिंबाजी घरी नेतात, गुरुवारी कुणी काढून नेऊ नयेत म्हणून. त्यामुळे माझ्या फोटोत नुसते खिळे होते.

लिंबाजींनी मला पाहिलं आणि एका टेम्पोच्या सीटवरचा टॉवेल झटकून म्हणाले, "बसा मॅडम, उन्हात नगा मोजू." मी सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं की मी मोजायला आलेय.

दिवसभर मोजलं. दुपारी ऑफिसला गेलेच नाही, संध्याकाळी बॉसकडे गेले. कुलकर्णी सर तीस वर्षं या क्षेत्रात आहेत, आणि रिपोर्ट एकदा दिला की परत न उघडण्याबद्दल प्रसिद्ध आहेत.

"मॅन्युअलप्रमाणे गुरुवार चालतो," ते म्हणाले. "टेक्निकली आपण चुकलेलो नाही."

"सर, टेक्निकली नाही. पण भोसरीत चुकलोय."

"परवा प्री-बिड आहे, मीनल. आता सर्व्हे चुकला म्हटलं तर पुढचं काम देईल का कुणी आपल्याला?"

"नाही म्हटलं तर अठरा जणांचा रोजगार जाईल. ते बारा वर्षं तिथे आहेत आणि आपल्या कागदात नाहीत."

सरांनी रिपोर्ट पुढे ओढला आणि पुन्हा उघडला. मग म्हणाले, "पत्राचा ड्राफ्ट कर."

मी लिहिलं, सर्वेक्षणाचा वार निवडण्यात माझ्याकडून चूक झाली. सरांनी पेन काढलं, 'माझ्याकडून' खोडलं, 'आमच्याकडून' केलं आणि माझ्या सहीच्या वर स्वतःची सही केली. त्यांच्याबद्दल ऑफिसात बरंच काही बोललं जातं. मी तेव्हापासून त्यात भाग घेत नाही.

गुरुवारी सकाळी पत्र घेऊन सरकारी ऑफिसात गेलो. सरकारी ऑफिसला गुरुवारी सुट्टी नसते. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मी मनात बोलणी खायची तयारी केली होती.

"कन्सल्टंटने स्वतःहून चूक लेखी दिली," साहेब म्हणाले, "असं पत्र माझ्या नोकरीत पहिल्यांदाच आलं. फाइलला लावतो." मग फोटो पाहून म्हणाले, "झाडाला खिळे मारायला बंदी आहे, हे माहीत आहे ना त्यांना?"

"आता माहीत होईल, सर."

"उद्या त्या जाधवांना घेऊन या."

शुक्रवारी मीटिंगला तीन ऑपरेटरांची माणसं होती. साहेबांनी नवे आकडे वाचून दाखवले आणि शुद्धिपत्रक निघेल असं सांगितलं, म्हणजे टेंडरमधली दुरुस्ती. दिवसा झाडाकडची बाजू टेम्पोंना, उरलेली ट्रकना. रात्री सगळी जागा कारना. एका ऑपरेटरचा माणूस लगेच उठला.

"सर, ट्रकला वळायला जागा सोडली तर टेम्पोंना चौदाच स्लॉट बसतात. अठरा बसवले तर ट्रक आत येणारच नाही, आणि मग आम्ही बोली लावणार नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी नकाशावर दोनदा करून पाहिलं होतं. साहेबांनी शेवटच्या खुर्चीत बसलेल्या लिंबाजींकडे पाहिलं. "चौदाच देता येतात. चार जण कमी करावे लागतील. यादी तुम्ही द्या, म्हणजे भांडण नको."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. आम्ही चूक सुधारली होती आणि आता त्याच माणसाला चार सोबत्यांची नावं खोडायला सांगत होतो.

लिंबाजी उभे राहिले. "कमी कशापायी, साहेब?"

"जागा चौदा आहेत. तुम्ही अठरा."

"अठरा एका टायमाला उभे कधी राहत्यात? चार-पाच जण तर भाडं घेऊन गेलेलेच असत्यात. सगळे उभे राहिले तर आमी उपाशीच मरू की." त्यांनी शर्टाच्या खिशातून एक बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "जागा कुनाच्या नावाची करू नगा. आला त्यानं रिकाम्या जागंत लावायची, गेला त्यानं सोडायची. नंबर आमचा आमी बघतो. सकाळच्याला गर्दी झाली तर शेवटचे चार जण उशिरा येतील, पाळी पाळीनं."

मी माझ्या कागदांकडे पाहिलं. बुधवारच्या मोजणीत एका वेळी जास्तीत जास्त तेरा टेम्पो होते. तो आकडा मी स्वतः काढला होता आणि तरीही अठरा गाड्यांना अठरा जागा धरून बसले होते. एकच जागा वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्यांची. शेअर्ड पार्किंगची हीच व्याख्या मी पाच वर्षं लोकांना प्रेझेंटेशनमधून सांगतेय. भोसरीच्या झाडाखाली ती बारा वर्षं बिनबोभाट चालू होती.

ऑपरेटरचा माणूस हसला. "मग आमची हरकत नाही," म्हणाला.

"आणि खिळे काढा," साहेब म्हणाले.

"काढतो साहेब. पर बिल्ले कुठं लावू?"

ती अट शुद्धिपत्रकात शेवटी आली. ऑपरेटरने अठरा हुकांचा एक लोखंडी बोर्ड लावून द्यावा. सरकारी टेंडरमध्ये अशी अट मी त्याआधी वाचलेली नाही, नंतरही नाही.

पुढे टेंडर झालं, काम झालं. सगळंच काही गोड झालं नाही. सोसायटीवाल्यांची सकाळी नऊ वाजून गेले तरी कार तिथेच ठेवण्याची सवय जायला बरेच महिने लागले, आणि ट्रकवाले अजून तक्रार करतात. पण अठराही टेम्पो तिथे आहेत.

उद्घाटनाची तारीख वरून ठरली. पाहुण्यांना जो दिवस मोकळा होता तो गुरुवार. मी सांगून पाहिलं, पण पाहुण्यांपुढे माझं कोण ऐकतं. त्या दिवशी मांडव होता, खुर्च्या होत्या, फीत होती. समोर बसायला माणसं नव्हती. वर्कशॉप बंद, चहाची टपरीसुद्धा बंद. बाबा माझ्याबरोबर आले होते, कारण गुरुवार म्हणजे आमच्याबरोबर घालवायचा दिवस, ही त्यांची सवय सुटलेली नाही.

लिंबाजी मात्र आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. भाषणं चालू असताना ते मागे बोर्डापाशी गेले. बाबाही गेले. बाबांनी प्रत्येक हुक हलवून, घट्ट आहे का ते तपासलं आणि लिंबाजींनी एकेक बिल्ला लावला. अठराच्या अठरा.

"आज कशाला लावताय?" मी विचारलं. "आज तर सुट्टी."

"लावून बगायलो, मॅडम. उद्या सकाळी पोरं येतील, तवा बोर्ड रिकामा दिसू नये." मग मांडवातल्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून हळूच म्हणाले, "आज मोजनी न्हाई ना?"

आता आमच्या सर्व्हेच्या फॉर्मवर पहिला प्रश्न असा आहे, 'या भागाची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी?' त्यापुढे कंसात, 'स्थानिक माणसाला विचारून भरणे.' कुलकर्णी सर तो रकाना कोरा असलेला फॉर्म परत पाठवतात. माझ्या फॉर्मवर तो रकाना मी बाबांना विचारून भरते, उत्तर माहीत असलं तरी.