डावीकडे वळणारी कृपा

वेंडेलिनला आयुष्यात धड काही जमलं नाही. त्याने शिवलेलं खोगीर घोड्याला टोचायचं, आणि स्वतःच्या लग्नात तो सासूबाईंचं नाव विसरला. पण मठाच्या जुन्या कोठारात, वरच्या माळ्यावर, नऊ खुंट पाडायच्या खेळात त्याला हरवणारा माईचा लाल आल्टेनमोस गावात नव्हता.

कोठाराने तरी काय कमी दिवस पाहिले? साधू होते तोवर धान्य. राजाने साधूंना हाकलल्यावर सैनिक, मग मीठ, मग बंबवाल्यांच्या शिड्या, आणि शेवटी गावाचा खेळ. तिथे लाकडी गोळा सरळ टाकला तरी डावीकडे वळे. डावीकडे, अंगणापलीकडे, थोरल्या मठाधिपतींची समाधी. म्हणजे ही त्यांचीच कृपा; गोळा टाकण्याआधी गुडघा टेकायची रीतच पडली. परगावचे गुडघा टेकत नाहीत म्हणून हरतात, असं वेंडेलिन सांगे. तो परगावी गुडघा टेकूनही हरायचा, ते सोडा.

पुढे महापौरांनी माळ्याची डागडुजी काढली. सुताराने जमिनीचा उतार बघायला पाणसळ ठेवली आणि पोट धरून हसला.

"कृपा कसली डोंबलाची! साधूंनी पिढ्यान्‌पिढ्या सगळं धान्य डाव्या भिंतीशी रचलं, त्या वजनाने तुळया बसल्यात."

त्याने जमीन सपाट करून टाकली.

पुढच्याच रविवारी शेजारच्या ग्रूबेनशी सामना होता. वेंडेलिनने गुडघा टेकला, जन्मभराच्या सवयीने उजवीकडे नेम धरला, आणि गोळा सरळ उजव्या भिंतीवर आदळला. दुसराही तिथेच.

"मठाधिपती आज रजेवर दिसतात," ग्रूबेनचा दारूभट्टीवाला गोटहार्ट म्हणाला. बक्षिसाची डुकराची तंगडी बगलेत मारून तो गेला.

वेंडेलिन जिन्यात बसून खरंच रडला.

"तंगडीचं काय एवढं," बायको आफ्रा म्हणाली. "डुकरं काही संपली नाहीत."

"तंगडी नाही गं. इथे मी कुणीतरी होतो."

आफ्रा त्याच्या शेजारी पायरीवर बसली. "मग साधूंनी केलं ते तू कर. रडून तुळया वाकत नाहीत."

सुगीला वेंडेलिन दारोदार फिरला: तुमचं धान्य माळ्यावर ठेवा, फुकट, चढवायचं मी बघतो. कोठार पुन्हा कोठार होणार म्हणून महापौर खूश. पोती पाठीवर घेऊन जिने चढताना वेंडेलिनची कंबर मोडली, पण एकही पोतं त्याने उजवीकडे ठेवू दिलं नाही.

"उजवी बाजू मोकळी आहे की," शेतकरी म्हणत.

"ती हवेसाठी."

सुताराच्या मात्र लक्षात आलं. "अरे खुळ्या, तुळया बसायला साधूंना तीनशे वर्षं लागली. तू तोवर जगणार आहेस का?"

"ते मला कळत नाही होय?" वेंडेलिनने घाम पुसला. "म्हणून तर पुढच्या खेपेला वजन वाढवायला बटाटेही सांगितलेत."