द्यायची राहिलेली माती

निवडणुकीचा निकाल लागल्यानंतर मी माझ्या सायकलच्या दुकानाची एकच फळी उघडू लागलो. बाकीच्या लावलेल्याच. आत अंधारात बसून पंक्चर काढायचं आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायचं नाही, एवढीच इच्छा. दुकानाच्या भिंतीवर माझी निशाणी, छत्री, रंगवलेली होती. तिच्यावर दोनदा चुना फिरवला, तरी ती खालून दिसत राहिली.

दुष्काळ नुकताच सरला होता. शिरूरच्या नगरपालिकेला मी आमच्या वॉर्डातून उभा राहिलो होतो. वॉर्डात आमची मुसलमानांची घरं आणि पलीकडे बौद्ध वस्ती. वस्तीतल्या पोरांनी माझ्यासाठी मनापासून भिंती रंगवल्या, चिठ्ठ्या वाटल्या. हरल्यावर मी त्यांनाही तोंड दाखवलं नाही.

मी नमाजी माणूस नव्हतो. लहानपणी मदरशात शिकलो तेवढंच. पण प्रचार सुरू झाला तसा दर शुक्रवारी जुम्म्याला मशिदीत पहिल्या सफेत, म्हणजे अगदी पुढच्या रांगेत, उभा राहू लागलो. उशिरा गेलो तरी लोक सरकून जागा करून देत आणि मी ती घेत असे. वॉर्डातली एकही मयत मी चुकवली नाही. जनाज्याला खांदा द्यायला पहिल्या चौघांत मी असायचो. याचा मला तेव्हा अभिमान वाटत होता.

थोडक्या मतांनी पडलो. कुठल्या पेटीतून किती निघाली हे मोजणीच्या जागी कळलंच होतं. मशिदीलगतच्या गल्लीत, जिथे सगळी आमचीच माणसं, तिथे मला जवळजवळ काहीच मिळालं नव्हतं. त्या गल्लीतले वडीलधारे म्हणजे चाचा. माझ्या वडिलांचे जुने दोस्त. बाजारात त्यांचं फळांचं दुकान. माझ्या लहानपणी ते मला केळी द्यायचे आणि वडिलांना सांगू नको म्हणायचे. त्या संध्याकाळी मगरीबची नमाज सुटली आणि मी त्यांना मशिदीच्या दारात गाठलं. सगळे चपला शोधत होते. सगळ्यांसमोर मी त्यांना म्हणालो की केळीच्या घडाबरोबर मतही विकलंत, बरा भाव आला असेल.

चाचांनी चपला घातल्या आणि गेले. बाकीचेही गेले. मी दारात एकटा राहिलो.

त्यानंतर काही दिवसांनी मी दौंडला आपाकडे गेलो. आपा माझी थोरली बहीण. तिचे यजमान रेल्वेच्या लोको शेडमध्ये होते. क्वार्टरच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर इंजिनाची काजळी बसायची आणि आपा दिवसभर त्या काजळीला शिव्या द्यायची. दाजींची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपायचे, मग घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मला ते बरंच होतं.

दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एकटं बसायला जागा नसते. कुणी ना कुणी विचारतंच, चहा घेणार का, बरं नाही का, शिरूरला कधी जायचं. मग माझ्या लक्षात आलं की माणूस जानमाजवर, नमाजाच्या चटईवर, बसला की त्याला कुणी हटकत नाही. खरं सांगतो, मी नमाज पढायला लागलो तो लपण्यासाठी. दुपारी कोपऱ्यात जानमाज अंथरायची, नमाज उरकायची आणि मग तसंच बसून राहायचं. मशिदीत मात्र जात नव्हतो. तिथे माणसं असतात.

पण रोज कपाळ टेकवता टेकवता काहीतरी होत गेलं. कित्येक महिने मी प्रत्येक माणसाकडे मत म्हणून पाहिलं होतं. सजद्यात डोळ्यांपुढे फक्त जानमाजची वीण असायची. तिथे कुणाला दाखवायचं नव्हतं, कुणाकडून काही घ्यायचं नव्हतं. एका दुपारी मी कपाळ टेकवलं ते बराच वेळ उचललंच नाही. रडत होतो की काय, आठवत नाही. दूर शंटिंगचा आवाज येत होता.

आपा स्वयंपाकघराच्या दारातून बघत असावी. मी सलाम फेरून उठलो, तशी ती जवळ आली. घरात आम्ही दखनी बोलतो, तिचं बोलणं इथे मराठीत लिहितो.

"रोज बघते, दुपारची जोहर दोनच रकात पढतोस. बाकीच्या दोन कुठं जातात?"

मी सांगितलं की मी मुसाफिर आहे. प्रवासातल्या माणसाला चार रकातींच्या, म्हणजे नमाजाच्या चार फेऱ्यांच्या, जागी दोनची सवलत असते, हे मदरशातलं एकच मला पक्कं आठवत होतं. पोरांना सवलतीचंच आठवतं.

"शिरूरहून दौंडला येऊन मुसाफिर?" आपा म्हणाली. "सकाळच्या एसटीत बसलास तर दुपारच्या भाकरीला घरी पोचशील. एवढ्याशा वाटेला कुणी मुसाफिर होत नाही. पुरी पढ."

मी उगाच हसलो. ती हसली नाही. तांदूळ निवडायला बसली आणि खाली बघत म्हणाली, "इथं येऊन तू लांब गेलास असं तुलाच वाटतंय."

मग मी तिला मशिदीच्या दारातलं सगळं सांगितलं. आतापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवसभर तौबा करतोय, तरी मन हलकं होत नाही, असंही म्हणालो. आपाने ताट खाली ठेवलं. ती म्हणाली, "अल्लाहचं जे चुकवलंस ते अल्लाह माफ करील. माणसाचं दुखवलंस ते त्या माणसालाच मागावं लागतं. ते अल्लाहही त्याच्या वतीनं माफ करत नाही. हे मदरशात शिकवलं त्या दिवशी तू पेरू पाडायला गेला असशील."

त्या दुपारी मी पुन्हा जानमाजवर उभा राहिलो आणि चार रकाती पढलो. आधी चुकलेल्याही एकेक करून पढत गेलो. लपायची जागा म्हणून निवडलेल्या त्या कोपऱ्यात आता लपता येत नव्हतं.

परतीच्या एसटीत वाटेत न्हावऱ्याला निमोणे गावची काही माणसं चढली. त्यातल्या एका आबांनी मला ओळखलं. "काय, पडला म्हनं तुमी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "न्हाई तर काय, कुनीतरी पडायचंच," असं म्हणून ते कांद्याच्या भावाकडे वळले. ज्या पराभवापायी मी घर सोडून गेलो होतो, तो निमोण्याच्या माणसाला कांद्यापुढे एका वाक्याचाही नव्हता. मला बरं वाटलं आणि फार एकटंही वाटलं.

शिरूरला उतरलो तो सरळ बाजारात गेलो. घरी गेलो असतो तर पुन्हा पाय निघाला नसता. चाचा दुकानात एकटेच होते, मोसंब्यांचा ढीग लावत होते. मी म्हणालो, मी तुम्हाला नको ते बोललो, मला माफ करा.

चाचा माझ्याशी जन्मभर दखनीत बोलले होते. त्या दिवशी ते मराठीत बोलले, गिऱ्हाइकाशी बोलतात तसं, आणि मला तुम्ही म्हणाले.

"मत म्या तुमाला दिलं न्हाई," ते म्हणाले. "पन इकलं बी न्हाई."

 त्यांनी एक मोसंबं फडक्याने पुसलं, ढिगावर ठेवलं.

"आमच्या घरातली गेली तवा तुमी खांदा दिला. चौकापत्तूर. हाटेलात लोक बसल्याले व्हते तिथपत्तूर. पुढं मी मागं वळून बघितलं तर तुमी न्हाई. मातीला न्हाई."

त्यांच्या घरातली म्हणजे चाची. प्रचाराच्या ऐन धामधुमीत ती वारली होती. मला आठवत होता तो माझा खांदा. चौकानंतरचं काही आठवत नव्हतं, कारण चौकात मी खांदा दुसऱ्याला देऊन बौद्ध वस्तीतल्या बैठकीला गेलो होतो. मयतीला गेलेला प्रत्येक माणूस कबरीत तीन मुठी माती टाकतो. जिने मला ईदला पहिली वाटी शीरखुर्मा दिला, तिला मी ती माती दिली नव्हती. आणि तिच्या एकटीचंच असं झालं नव्हतं. मी मनातल्या मनात बाकीच्या मयती आठवू लागलो आणि प्रत्येक वेळी चौकातच येऊन थांबत होतो.

माफ केलं, असं चाचा म्हणाले नाहीत. मीही पुन्हा मागितलं नाही. तिथून निघालो तो नदीकडच्या कबरस्तानात गेलो. दुपारचं ऊन होतं, बाभळीखाली शेरडं बसली होती. आमच्या कबरी कच्च्या असतात, मातीचा उंचवटा आणि डोक्याशी नदीतला एखादा दगड. त्यावर नाव नसतं. मी मुठीत माती घेतली आणि तेव्हा कळलं की चाची कुठे आहे हे मला माहीत नाही. मातीला आलेल्या माणसालाच ते माहीत असतं. उन्हात बराच वेळ मूठ धरून उभा होतो. शेवटी हात मोकळा केला आणि सगळ्यांसाठी मिळून फातिहा पढला.

परत बाजारात आलो. चाचांनी मान वर केली. पहिल्यापेक्षा हे विचारणं अवघड होतं, कारण यात सगळी कबुली आली.

मी विचारलं, "चाची कुठे आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताला लागलेली माती त्यांनी पाहिली असावी. मग एका गिऱ्हाइकाला मोसंबी तोलून दिली, पैसे गल्ल्यात टाकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जुम्मे के बाद आ. दिखाता."

जुम्मा यायला अजून अवकाश होता. मी दुकानात गेलो आणि सगळ्या फळ्या काढल्या.