हळदीचा डबा

सक्करदऱ्यात आमच्या शेजारच्या काकूंकडे मोठा कूलर आहे, म्हणून उन्हाळ्यात गल्लीतले सगळे पोट्टे दुपारी त्यांच्याकडेच टीव्ही बघायला जमतात. कार्टूनमधलं अस्वल जिन्यावरून गडगडलं की पोट्टे खिदळतात, आणि काकू तांदूळ निवडता निवडता टीव्हीवरच ओरडतात, "काहून ढकललं गा त्याले? लागलं असन! हळद लावा कोणी!" मग पोट्टे आणखीच हसतात. मीही हसायचो. एकदा म्हणालोसुद्धा, "काकू, टीव्ही काय तुमचं ऐकणार आहे?"

परवा गल्लीत एक पोरगा सायकलवरून आपटला. सगळे हसले. पण सर्वांत मोठ्यानं खिदळणारी पोरगी मध्येच थांबली, "लागलं असन गा त्याले!" म्हणत काकूंच्या स्वयंपाकघरात घुसली आणि हळदीचा अख्खा डबाच घेऊन आली. मग बाकीचेही धावले. फुटलेल्या गुडघ्याला, न फुटलेल्या गुडघ्याला, सायकललासुद्धा हळद लागली.

काकू दारात आल्या. रिकामा डबा त्यांनी विश्वचषकासारखा डोक्यावर धरला आणि माझ्याकडे बघून ओरडल्या, "आता सांगा भाऊ, ऐकते का नाही टीव्ही माझं?"