पोळ्याच्या दिवशी मोजलेलं गाव

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला-दर्यापूर रस्त्यापासून जरा आत, एक लहानसं गाव आहे आणि त्या गावाला न शोभणारी एक भलीथोरली पाण्याची टाकी आहे. गावात तिला सगळे 'आरतीची टाकी' म्हणतात. परक्या माणसाला वाटतं, कोणी दानशूर बाई असेल. तसं काही नाही. आरती म्हणजे भगवंतरावांची मुलगी, आणि टाकीला तिचं नाव पडलं ते तिच्या चुकीमुळे. गावाने ती चूक इतक्या हौसेने जपली, की टाकीवर तिचं नाव रंगवायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्या भागात विहिरीचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. म्हणून दूरच्या धरणाचं गोडं पाणी नळाने आणायचं ठरलं, आणि टाकी केवढी बांधायची यासाठी गावात राहणारी माणसं मोजायचं काम निघालं. आरती तेव्हा अमरावतीहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन घरी रिकामी बसली होती. काम तिला मिळालं. तिने डोकं लढवलं. एरवी दारोदार हिंडावं, तर कोणी वावरात, कोणी बाजाराला गेलेलं. सगळी माणसं घरी सापडतात ती पोळ्याला. तिने पोळ्याच्या दिवशी गाव मोजलं.

त्या दिवशी गाव फुललेलं होतं. तोरणाखाली झुली घातलेले बैल, पुण्याहून आलेली पोरं, सुरतेहून आलेले जावई, ओसरीवर पुरणपोळीच्या पंगती. घरात किती जण, असं विचारल्यावर समोर जेवायला बसलेल्या पोराबद्दल 'हा उद्या जाणार आहे' असं कोणती आई सांगेल? सगळ्यांनी सगळ्यांची नावं दिली. आरतीने स्वतःच्या घरातही चौघं लिहिली: भगवंतराव, आई आशाबाई, ती आणि धाकटा भाऊ पियुष. पियुष पुण्यात कंपनीत लागून वर्ष झालं होतं. पण त्या क्षणी तो तिच्या शेजारीच बसून पोळी खात होता, मग त्याला कसं वगळायचं?

टाकी त्या आकड्यावर उभी राहिली. पाहुणे गेले, गाव रिकामं झालं, आणि टाकीतलं पाणी काही संपेना. ते शिळं होतं म्हणून अधूनमधून नाल्यात सोडावं लागतं. ज्या गावात गोड्या पाण्याच्या घागरीवरून भांडणं होत, तिथे गोडं पाणी नाल्यात जाताना पाहून म्हाताऱ्या हळहळतात आणि आरतीच्या नावाने बोटं मोडतात.

पुढची वर्षं त्या मुलखाला वाईटच गेली. कधी पाऊस दगा देई, कधी भाव. एकेका घराला कुलूप लागत गेलं. काही घरांवर तर कर्जापायी असा घाला पडला की बाकीच्यांनी बिऱ्हाड हलवलं आणि पुन्हा वळून पाहिलं नाही. पोलीसपाटलाचा किंवा शाळेतल्या मास्तरांचा अवेळी फोन आला, की बाहेरगावी असलेली पोरं तो उचलायला धजत नसत. भगवंतरावांवर कोणाचं देणं नव्हतं, पण वय झालं तशी त्यांनी जमीन ठोक्याने दुसऱ्याला कसायला दिली, बैल विकले. मग आशाबाई गेल्या. त्या दिवसापासून आरती आणि पियुषसमोर एकच प्रश्न होता: बाबांना गावात एकटं राहू द्यावं का?

दरवर्षी दोघं पोळ्याला जात. बैल नव्हते, तरी भगवंतराव जुन्या झुली धुऊन शेजाऱ्याच्या बैलांवर घालत आणि ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी मोठमोठ्याने गप्पा मारत. घरात पाय ठेवायला जागा नसे. परतताना पियुष म्हणे की बाबांचं बरं चाललंय, सोबत भरपूर आहे, उगाच हलवायला नको. आरतीला ते पटे. फोनवर विचारलं तर भगवंतराव मजेत असल्याचं सांगत. शेतावर चक्कर मारतो, कोणी ना कोणी येत असतं, म्हणत. प्रश्न मग वर्षभरासाठी मिटे.

आरती स्वतः अकोल्याला जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, गुलनार आपांच्या माडीवर भाड्याने राहत होती. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे दरवर्षी नेमणूक नवी आणि काळजी जुनी. लग्नाचं बघता बघता राहून गेलं. शिक्षकांच्या खोलीत साड्यांच्या आणि मुलांच्या परीक्षांच्या गप्पा चालत, तिच्याकडे त्यात घालायला काही नसे. घरी आली की ती संगणक उघडून बसे. गल्लीत बोलत, मॅडम आभाळ मोजून राहिल्या. त्यात खोटं काही नव्हतं.

बोंडअळीने कपाशी खाल्ली त्याच्या दुसऱ्या वर्षी युरोपातल्या एका उपग्रहाने अब्जावधी ताऱ्यांची मोजमापं सगळ्या जगासाठी मोकळी केली. कोणता तारा कुठे आहे आणि कुठे सरकतो आहे, ते अकोल्याच्या माडीवर बसूनही उतरवून घेता येत होतं. आरतीने अमरावतीच्या आपल्या सरांकडे पीएच.डी.साठी नाव नोंदवलं आणि विषय घेतला आपल्या आकाशगंगेच्या मधल्या दांड्याचा.

आपली आकाशगंगा चकतीसारखी, आणि तिच्या मधोमध ताऱ्यांचा एक लांबट दांडा आहे. जुन्या मळणीत खळ्याच्या मेढीच्या खांबाभोवती ओळीने जुंपलेले बैल फिरत, तसा तो सगळाच्या सगळा केंद्राभोवती फिरतो. पंचाईत अशी, की आपण त्याच चकतीत बसलेलो. बाहेर जाऊन बघता येत नाही. मग त्याची लांबी मोजायची कशी?

आरतीने आधी गर्दी मोजली. केंद्राकडून बाहेर येताना दांड्याच्या रेषेत तारे कुठवर दाट आहेत ते पाहिलं. गर्दी संपली सोळा हजार प्रकाशवर्षांवर. इतरही अनेकांनी एवढाच लांब दांडा सांगितला होता, त्यामुळे सर खूश झाले. आता दुसरी पायरी. तेवढ्या लांबीचा दांडा संगणकात मांडायचा, त्याच्या ओढीत एकेक तारा सोडायचा आणि कोट्यवधी वर्षांत तो कुठवर जातो नि कुठून मागे वळतो ते पाहायचं. लांबी बरोबर असेल, तर दांड्याला बांधलेले तारे त्या टोकापर्यंत जाऊन वळायला हवेत.

तारे काही ऐकेनात. दांड्याला खरोखर बांधलेले तारे साडेअकरा हजार प्रकाशवर्षांच्या आसपासच मागे फिरत. त्यापलीकडे गर्दी दिसत होती, पण त्या गर्दीतला तारा पुढे सोडला की तो आपल्या वाटेने निघून जाई. आरतीला वाटलं, आज्ञावलीत चूक आहे. तिने ती पुन्हा लिहिली, पुन्हा तपासली. कितीतरी महिने ती त्या टोकाशी अडून बसली, आणि हे सांगावं असं जवळ कोणी नव्हतं.

मग ईद आली. खालच्या मजल्यावर गुलनार आपांचं घर लेकी-नातवंडांनी गजबजून गेलं. आरतीलाही शीरखुर्मा आला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती रिकामा वाडगा परत द्यायला खाली उतरली, तर घर सुनसान. आपा एकट्या अंगणात ताटांची चळत घासत होत्या. मदतीला म्हणून आरती शेजारी बसली. इतकी माणसं आली, बरं वाटलं असेल ना, असं तिने विचारलं.

आपांनी हात थांबवला नाही. "ईदले घर पाहून लोक म्हनतेत, आपा, तुमचं काय, भरलेलं घर हाये. परसो येऊन पाहा म्हनावं."

आरतीच्या डोळ्यांपुढे दांड्याचं टोक आलं. आज्ञावलीत चूक नव्हतीच. टोकाशी दिसणारी ती गर्दी दांड्याची नव्हती. शेजारून जाणाऱ्या सर्पिल भुजेतले, म्हणजे चकतीतल्या वळणदार पट्ट्यातले, तारे या घडीला दांड्याच्या टोकाला टेकले होते, आणि पुढे निघून जाणार होते. तिने पुन्हा पोळ्याच्या दिवशीच गाव मोजलं होतं. जो जाऊन परत वळतो तो इथला. नुसता दिसतो तो नाही. दांडा आखूड होता.

एवढं मोठं कोडं सुटलं म्हणून तिने नाचायला हवं होतं. पण माडीवर जाईपर्यंत तिच्या मनात दुसराच विचार घुसला. टाकी चुकली, दांडा चुकला, ते एकवेळ चालेल. पण बाबा एकटे आहेत की नाहीत, हेसुद्धा आपण दरवर्षी पोळ्यालाच पाहत आलो.

त्याच आठवड्यात मंगळवारी कॉलेजात रजा सांगून तिने दर्यापूरची एसटी धरली. ना सण, ना सुट्टी. बाबांना कळवलंही नाही.

ती फाट्यावर उतरली, तर भगवंतराव माणिकबाईच्या चहाच्या टपरीसमोर बाकावर बसलेले. लेकीला पाहून त्यांचा चेहरा खुलला नाही, उतरला. काठी टेकत ते घाईघाईने उठले आणि जवळ आले.

"कोन गेलं, बाई?"

कोणी गेलं नाही, असं तिने सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. पियुष बरा आहे ना, त्याची पोरं बरी आहेत ना, सगळं विचारून झालं. तरी त्यांच्या कपाळावरची आठी जाईना.

"मंग काहून आली? पोळा त लय लांब हाये."

आरती पिशवी या हातातून त्या हातात करत राहिली. भगवंतराव चहाचं सांगायला वळले, तेव्हा माणिकबाईने हलक्या आवाजात सांगितलं, "रोज येतेत भाऊ. अकोल्याची गाडी पायतेत, कोनी उतरलं का पायतेत, मंग वापस जातेत."

म्हणजे शेतावरची चक्कर ती ही. घरापासून फाट्यापर्यंत, आणि फाट्यावरून मागे.

दोघं चालत गावात शिरले. दुपार असून रस्त्यावर माणूस नव्हतं. ज्या दारांत तिने पोळ्याला पंगती मोजल्या होत्या, त्या दारांवर कुलपं गंजत होती. पलीकडे आरतीच्या टाकीचं पाणी नाल्यात पडल्याचा आवाज येत होता. घरी पोचल्यावर भगवंतरावांची धांदल उडाली. फडताळातून दुसरं ताट काढलं, ते धुळीने माखलेलं निघालं, तर ते धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. तिने ताट काढून घेतलं आणि नळाखाली धुतलं. पिठलं-भाकरी तिनेच केली. ते बऱ्याच दिवसांनी जेवणाऱ्या माणसासारखे जेवले.

संध्याकाळच्या गाडीला ते पोचवायला फाट्यावर आले. अकोल्याला चला, असं ती वाटभर म्हणत होती आणि ते वाटभर नाही म्हणत होते. आशाबाईंचं घर होतं ते. शेवटी गाडीचा धुरळा दिसला तेव्हा तिने सांगितलं, की आता पोळ्याची वाट पाहणार नाही, पुढच्या मंगळवारी नक्की येते. भगवंतरावांनी तिचा हात धरला.

"सांगून येऊ नको, बाई. सांगतलं का वाट पाहा लागते."

माणिकबाईने काय सांगितलं ते आरतीने त्यांना कळू दिलं नाही. ती गाडीत चढली, खिडकीजवळ बसली, आणि मान वळवून पाहत राहिली. भगवंतराव गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. मग काठी टेकत ते मागे वळले.