खुर्चीचा सत्कार

समुद्रपूरच्या आमच्या पतसंस्थेत कॅश काउंटर माझ्याकडे होतं. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून माझ्या उजव्या पायाला आधाराचं लोखंडी कॅलिपर आहे. पण काउंटरच्या काचेमागं बसले की मी लंगडी नव्हते. नोटा झरझर मोजणारी बाई होते, आणि मला त्याचा चांगलाच गर्व होता.

उठताना मला खुर्चीच्या हातांवर जोर द्यावा लागतो, मग कॅलिपरची गुडघ्याजवळची कडी लावायची, मग पाऊल टाकायचं. खुर्ची तेवढी जागची हलू नये. माझी लाकडी खुर्ची हलायची नाही.

मॅनेजर साहेबांनी वर्ध्याहून चाकांची गुबगुबीत खुर्ची आणली. माझ्यासाठी, पण मला न विचारता. वरून सत्कारही ठेवला. खुर्चीला हार, मला शाल-श्रीफळ, आणि पैसे भरायला आलेल्या लोकांसमोर ‘आपल्या दिव्यांग भगिनी’ असं भाषण. मी लाजेनं अर्धमेली झाले. फोटोत मात्र दात काढून हसते आहे.

उठायला गेलं की खुर्ची मागे पळायची. पण ऑफिसातल्या सगळ्यांनी वर्गणी काढून, नारळ फोडून दिलेली वस्तू नको म्हणायचं कोणत्या तोंडानं? मग मी उठणंच कमी केलं. दुपारपर्यंत पाणी प्यायचे नाही. ‘काम आहे’ असं सांगून डबाही जागेवरच खायचे. एवढी मी शहाणी!

बाजाराच्या दिवशी भर गर्दीत खुर्ची सटकली आणि मी धाडकन खाली. साडी वर, कॅलिपर उघडं, रांगेतली माणसं काचेला नाक लावून. झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला धरून उठवलं. साहेब धावत आले. चांगलेच घाबरले होते.

“काऊन पडल्या मॅडम? खुर्ची सरकली काय?”

प्रश्न सरळ होता. ‘हो’ म्हणायचं, एवढंच. पण हार घातलेली ती खुर्ची, ती वर्गणी, सगळं डोळ्यांपुढं आलं आणि मी म्हणाले, “नाई सर, माहा पायच असा हाय. साथ देत नाई.”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. घरी कॅलिपर काढताना मला पायाकडे बघवेना. त्याला कोणी नावं ठेवली की मी भांडायला उठायचे, आणि त्याच्यावर खोटा आळ घेतला तो मीच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. फार मायेनं बोलले. “तुम्हाले काउंटरवर लय तरास होऊन राह्यला. आता आत रेकॉर्डवर बसा, निवांत.” तेव्हा तरी बोलायचं! मी नुसती मान हलवली.

आतल्या खोलीत फायली लावत बसले होते. काउंटरवर रोहण्याच्या शाखेतून बदलून आलेल्या नव्या मॅडम बसल्या होत्या. एका बाईनं विचारलं, “इथं बसत होत्या त्या ताई कुठं गेल्या?”

“त्यायच्यानं होत नाई आता,” नव्या मॅडम सहज म्हणाल्या.

मला त्यांचा राग आला. पण रागवायचं तरी कसं? ‘पाय साथ देत नाई’ हे माझ्याच तोंडचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.