डोळे मिटून पाहिलेला सिनेमा

धर्मपाल मेश्राम सिनेमाला गेले की डोळे मिटून बसत. पहिली दहा मिनिटं पडद्याकडे पाहायचं, कोण कोणाचं कोण ते समजून घ्यायचं, आणि मग पापण्या खाली. एकदा मध्यंतरात डोअरकीपरनं त्यांचा खांदा हलवून, "बबा, इंटरवल होगे," म्हणत त्यांना जागंही केलं होतं.

ते झोपलेले नव्हते. चौतीस वर्षं त्यांनी रायपूर स्टेशनवर गाड्यांची चाकं ठोकली होती. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेनं चालत जायचं आणि एकेका चाकावर ठोका द्यायचा. चांगलं चाक घणघणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. तो तडा डोळ्यांना दिसत नाही. सिनेमाही ते तसाच तपासत. त्यामुळे घरात सिनेमांना त्यांची खरी नावं नव्हती. एक पंख्याचा सिनेमा होता, एक चपलांचा, एक नुसत्या श्वासांचा.

दरवर्षी पुरस्कारांची नामांकनं जाहीर झाली की येणाऱ्या रविवारी सकाळी पोहे-जिलेबी आणून ते आणि त्यांची मुलगी अपर्णा यादी घेऊन बसत. वर्तमानपत्र नट-नट्यांची नावं छापून थांबायचं, म्हणून पूर्ण यादी अपर्णा मोबाइलवर शोधून वाचायची. आधी ध्वनी, मग बाकीचे. नायक-नायिकांपर्यंत पोचेस्तोवर पोहे संपलेले असत, आणि बाबांचं लक्षही.

यंदा मात्र त्या यादीवर एक पैज लागली होती.

महिन्याभरापूर्वी तेलीबांध्याच्या तलावाजवळ एक ई-रिक्षा हॉर्न वाजवत त्यांच्या अगदी कोपराजवळून गेली आणि त्यांनी वळूनही पाहिलं नाही. शेजारून चालणाऱ्या अपर्णानं त्यांचा दंड धरून त्यांना कडेला घेतलं. घरची बेल त्यांना ऐकू येत नाही हे तिला ठाऊक होतं. नव्या रायपूरला मंत्रालयात दिवसभर बसून ती त्याचीच काळजी करायची. त्या दिवशी तिनं डॉक्टरचा विषय काढलाच.

"माह्या कानाले काय धाड भरली?" बाबा म्हणाले, आणि पुरावा म्हणून स्टेशनचा सिनेमा पुढे केला.

हा सिनेमा त्याआधी शहरात तीन दिवस चालला होता. दोघं गेले तेव्हा थिएटरात अकरा माणसं होती. फलाटावरच्या बाकावर दोन बहिणी बोलत बसतात आणि मागून मालगाडी जाते, एवढाच प्रसंग. पण बाबांनी अंधारात अपर्णाचं मनगट घट्ट धरलं होतं. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं, की मधल्या एका डब्याचं चाक एका जागी चपटं झालेलं होतं, दर फेऱ्याला थप्प वाजत होतं. ध्वनी टिपणारा दुसरा कोणी असता तर त्यानं तो ठोका पुसून टाकला असता. ज्यानं ठेवला, तो माणूस आवाज टिपायला स्वतः रेल्वेच्या यार्डात जाऊन उभा राहिलेला होता.

"त्याचं नाव यादीत आलं तर माहा कान खरा," ते आता अपर्णाला म्हणाले. "नाही आलं, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो."

त्या सिनेमाबद्दल कोणी चार ओळीही लिहिलेल्या नव्हत्या. अपर्णानं निश्चिंत मनानं पैज कबूल केली.

रविवारी तिनं यादी उघडली. ध्वनीच्या रकान्यात पाच नावं होती. चौथं स्टेशनच्या सिनेमाचा ध्वनी टिपणाऱ्याचं होतं.

ती थबकली. हे एक नाव गाळलं की परवा, मंगळवारी, बाबा डॉक्टरसमोर बसलेले असतील. ते समोर डोळे मिटून बसले होते, थिएटरात बसत तसेच. गाडीला उशीर झाला म्हणून गार्डनं कितीही आरडाओरडा केला, तरी न ठोकता एक चाकही पुढे जाऊ न देणारा हा माणूस. अपर्णानं पाचही नावं वाचली.

त्यांचा चेहरा हलला नाही. थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, "नाही आलं ना?"

तिनं पुन्हा वाचलं, मोठ्यानं. आता त्यांनी डोळे उघडले होते आणि ते तिच्या ओठांकडे पाहत होते. चौथं कोणतं म्हणलं, असं त्यांनी विचारलं. तिसऱ्यांदा तिनं कानाशी वाकून, आवाज जाड करून ते एकच नाव सांगितलं.

बाबा हसले. मग ध्वनी टिपणाऱ्या त्या माणसाचं नाव त्यांनी दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं, जपून, जिभेवर बसवल्यासारखं. यार्डात गेलाच होता तो, म्हणाले. जिलेबीचं पान त्यांनी तिच्याकडे सरकवलं.

"तू ते नाव गाळलं असतं तं मले समजलं नसतं."

"पता है, बाबा."

"शर्त मी जिंकलो," ते म्हणाले. "पण यादी तीनदा ऐकावी लागली. बद्द वाजलेल्या चाकावर मी कधी गाडी सोडली नाही. मंगळवारची वेळ घे."

मंगळवारी तपासणीच्या काचेच्या खोलीत त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला गेला आणि हातात बटण दिलं गेलं. आवाज आला की दाबायचं. त्यांनी डोळे मिटले. जाड आवाजांना अंगठा लगेच खाली जात होता. मग बारीक आवाज सुरू झाले आणि अंगठा थांबला. काचेबाहेरून अपर्णा पाहत राहिली. डॉक्टर एकामागून एक कळ फिरवत होते, बाबा कान टवकारून वाट पाहत होते; पण अंदाजानं त्यांनी एकदाही बटण दाबलं नाही.